तेहेतिसावा स्क्रू

क्लिअर लेक, टेक्सस
९ मार्च

मा. मिस्टर टिलमन यांस,

माझं अक्षर ओळखलंत तर पाकीट न फोडताच कचऱ्यात जाईल, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहे तर पुरतं वाचा. मी कर्टिस हॅल्वरसन. तुमच्या नॅडीनचा पहिला नवरा.

घटस्फोटाला आठ वर्षं झाली आणि या आठ वर्षांत मी तुम्हाला नाताळचं साधं कार्डही धाडलेलं नाही. आजही धाडलं नसतं. पण तुमच्यावाचून माझं अडलं आहे. (हे वाक्य तुम्ही दोनदा वाचाल, याची खात्री आहे.)

तुमच्या कारखान्यात जोडलेली ती अंतराळातली दुर्बीण. तिला वीज पुरवणारी पेटी मरायला टेकली आहे. फार तर हिवाळ्यापर्यंत तग धरेल. ती गेली की दुर्बीण आंधळी. ऑक्टोबरात आम्ही सातजण वर जाऊन तिची डागडुजी करणार, नवा कॅमेराही बसवणार. वीजपेटी बदलण्याचं काम माझ्या वाट्याला आलं आहे. अंगात फुगलेला पोशाख, हातात दोन बोटांचं काम पाच बोटांनीही होऊ नये असे जाड मोजे, आणि वेळ साडेसहा तास. दुसरी संधी नाही.

अडचण अशी, की ही पेटी कधी कोणाला बदलावी लागेल हे ती बसवताना कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. झाकणालाच बत्तीस स्क्रू आहेत. आराखड्याखाली 'जोडणी : ए. टिलमन' अशी सही आहे. आराखड्यात नाही असं काही त्या झाकणाबद्दल सांगण्यासारखं असेल, तर कृपा करून कळवा.

आपला,
कर्टिस हॅल्वरसन


ईस्टन, मेरीलँड
१७ मार्च

कर्टिस,

सहा वर्षं माझ्या टेबलाशी बसून माझे खेकडे फोडत तू मला 'ॲम्ब्रोज' म्हणत होतास. आता 'मिस्टर टिलमन'! मुलगी परत केली की मान वाढतो, हे माहीत नव्हतं.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. मला हल्ली ऐकू कमी येतं आणि तुला आधीपासूनच समजतं कमी. पत्रच ठीक.

तर तू दुरुस्ती करणार. माझ्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो तू "दहा मिनिटांत करतो" म्हणून उघडलास. तळघरातलं पाणी उपसायला अग्निशमन दलाची गाडी आली होती. त्यांच्यातला एक अजूनही बाजारात भेटला की विचारतो, "जावई काय म्हणतोय?" मी सांगतो, "वाहून गेला." त्या माणसाला आता माझ्या दुर्बिणीकडे पाठवतायत. देशातले सगळे प्लंबर संपावर आहेत काय?

झाकणाचं म्हणशील, तर आराखड्यात आहे तेच आहे. आमच्या कारखान्यात एक वॉशर बदलली तरी 'फरक-अर्ज' भरावा लागे आणि त्यावर अकरा जणांच्या सह्या लागत. तिथे आराखड्याबाहेरचं काही असेलच कसं?

फक्त डाव्या खालच्या कोपऱ्याशी घाई करू नकोस. बस्स.

ॲम्ब्रोज टिलमन

ता. क. नॅडीन मजेत आहे. तिचा नवा नवरा, तो दंतवैद्य, चांगला माणूस आहे. नळ गळला की प्लंबरला बोलावतो.


क्लिअर लेक
२ मे

प्रिय ॲम्ब्रोज,

नळाबद्दल मला बोलायचं नाही. वॉशर सदोष होती.

इथे आमचा सराव पाण्यात चालतो. एक प्रचंड तलाव आहे, त्यात आख्खी दुर्बीण बुडवून ठेवली आहे. खोटीच, पण तुमच्या आराखड्याबरहुकूम, स्क्रूला स्क्रू. मी दिवसाचे सहा तास तिच्यासमोर उलटा लटकून असतो. नखं काळी पडली आहेत. शिकवायला लुपे आरेदोंदो नावाची बाई आहे. वरच्या खोलीत कॉफी पीत ती माझ्या कानात बोलत असते. काल म्हणाली, "कर्टिस, त्या स्क्रूने तुझं काही वाईट केलेलं नाही. जरा प्रेमाने घे."

स्क्रू निघाले की ते तरंगत दुर्बिणीच्या पोटात शिरणार, ही मुख्य भीती. त्यावर इथल्या लोकांनी तोड काढली आहे. एक पारदर्शक पाटी, बत्तीस भोकांची. ती झाकणावर बसवायची, भोकातून हत्यार घालून स्क्रू फिरवायचा, आणि निघालेला स्क्रू पाटीखालीच कोंडून राहतो. पाटी अशी सपाट बसते की मध्ये कागद जाणार नाही.

आणि तुमच्या त्या ओळीबद्दल आभार. 'डाव्या खालच्या कोपऱ्याशी घाई करू नकोस.' आधी मला वाटलं झाकणाबद्दल आहे. मग दाढी करताना एकदम उमगलं. माणूस उजेडातल्या बाजू नीट सांभाळतो आणि खालच्या कोपऱ्याशी घाई करतो. नॅडीनच्या बाबतीत मी तेच केलं. ओळ आरशावर चिकटवली आहे.

लुपेला दाखवली, तर तिने विचारलं, "तुझा सासरा कवी आहे का?"

म्हटलं, "नाही गं, फिटर होता."

"मग त्याला कोपराच म्हणायचा असेल, गाढवा."

पण ती तुम्हाला ओळखत नाही.

कर्टिस


ईस्टन
२० मे

कर्टिस,

मी कवी नाही. माझ्या घराण्यात असला प्रकार कोणी केलेला नाही. कोपरा म्हणजे कोपरा. आरशावरून ती ओळ काढ आणि दाढी कर.

पाटी सपाट बसते म्हणतोस. खोट्या दुर्बिणीवर बसायलाच हवी.

सोबत एक स्क्रूड्रायव्हर पाठवतो आहे, मी स्वतः घडवलेला. टोक बारीक, दांडा दीड वीत, मूठ जाड मोज्यात मावेल अशी. वर जाताना बरोबर ने. का, ते विचारू नकोस.

याच्यापायी घरात तमाशा झाला. मी कानशीने टोक घासत होतो, तेवढ्यात नॅडीन पीच घेऊन आली. "बाबा, हे कोणासाठी?" म्हटलं, "कर्टिससाठी." ती खुर्चीत बसलीच. "डॉक्टर काही बोलले का तुम्हाला? माझ्यापासून लपवताय ना?" म्हणजे मी कर्टिसशी नीट वागायचं, तर मला मरणच आलेलं असलं पाहिजे! संध्याकाळी दंतवैद्य रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन हजर. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझा मुलूख हिरड्यांपाशी संपतो."

स्क्रूड्रायव्हर ने. कोपऱ्यासाठी.

ॲम्ब्रोज


क्लिअर लेक
८ जुलै

प्रिय ॲम्ब्रोज,

स्क्रूड्रायव्हर पोचला. बराच वेळ हातात घेऊन बसलो होतो. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत लावला आहे, माझ्या नौदलातल्या पदकांशेजारी. वर मात्र नेता येणार नाही. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला उष्णतेची, थंडीची आणि हादऱ्यांची परीक्षा द्यावी लागते. आमच्यातल्या एकाला स्वतःची पेन्सिल न्यायची होती, तर चार महिने समितीपुढे ताटकळली. मी पास झालो तो पेन्सिलीपेक्षा लवकर.

पण भेटीमागची भावना पोचली. नॅडीनची शंका खरी नाही ना? खरी असेल तर मला कळवायला संकोच करू नका. जुनं सगळं विसरून मी येईन. तळघराकडे फिरकणार नाही.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून चांगली बातमी देतो. परवा बत्तीसही स्क्रू अडतीस मिनिटांत काढले! लुपे म्हणाली, "आता डोळे मिटून करशील." पाटी, स्क्रू, झाकण, पेटी. कुठे म्हणून अडत नाही.

प्रकृतीला जपा.

कर्टिस


ईस्टन
१५ जुलै

कर्टिस,

मी मरत नाहीये. सवड झाली की कळवीन.

आता खाली बस आणि वाच. स्क्रू बत्तीस नाहीत. तेहेतीस आहेत.

चौदा वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. झाकण लावून पेटी हादऱ्यांच्या यंत्रावर ठेवली, तर डाव्या खालच्या कोपऱ्यातून खडखड येते. इतकी बारीक, की आणखी कोणाला ऐकू आली नाही. तेव्हा माझे कान चांगले होते. त्या कोपऱ्यात एक स्क्रू जास्त घातला की काम झालं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण म्हणजे फरक-अर्ज. म्हणजे अकरा सह्या. सह्या होईतो कोणी जागचं हलायचं नाही, असा आमच्याकडे नियम. घड्याळात सव्वातीन. पाच वाजता साठ मैलांवर, उपसागरावरच्या पुलापलीकडे, शुक्रवारच्या त्या मुंगीच्या गतीच्या रहदारीतून, मला चर्चमध्ये पोचायचं होतं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि त्याची रंगीत तालीम होती. पोरीने सकाळी बजावलं होतं, "बाबा, आयुष्यात एकदा तरी वेळेवर या."

मी भोक पाडलं. स्क्रू घातला, ढिला होऊ नये म्हणून गोंद लावला, वर चंदेरी पट्टी चिकटवली आणि तीन चाळीसला बाहेर पडलो. कागदावर एक अक्षर नाही.

लग्न कोणाचं, ते तुला सांगायला नको. तुमचं लग्न सहा वर्षं टिकलं. स्क्रूला चौदा झाली, हललेला नाही.

तुझी ती पाटी त्या स्क्रूच्या डोक्यावर चढून एका पायाने लंगड्या टेबलासारखी डुगडुगेल. तुला वाटेल पाटीच वाकडी आहे. तू दाबशील. तू दाबलंस की काय होतं, ते माझ्या तळघराने पाहिलं आहे. पाटी फुटेल किंवा झाकण तरी वाकेल, साडेसहा तास संपतील, आणि तुला आत बोलावून घेतील. मग दुर्बीण आंधळी.

निवृत्तीच्या दिवशी मला पितळी पाटी दिली होती : 'चाळीस वर्षांत एकही फरक न नोंदवलेला कारागीर.' खरंच आहे ते. नोंदवला नाही.

हे मार्चमध्येच लिहायला हवं होतं. परक्या कोणी विचारलं असतं तर लिहिलंही असतं. ज्याला 'तुला साधा नळ जमत नाही' म्हणून आठ वर्षं शिव्या घातल्या, त्याच्यापुढे हे कबूल करायचं, म्हणजे घशाखाली उतरेना. कोपऱ्याचं सूचक बोललो, तर तुला त्यात जीवनाचं तत्त्वज्ञान सापडलं. हत्यार पाठवलं, तर तू त्याचं देवघर केलंस. दुसरा कोणी असता तर संशय तरी घेतला असता!

पत्र ज्यांना दाखवायचं त्यांना दाखव. आजच दाखव.

ॲम्ब्रोज


क्लिअर लेक
१ ऑगस्ट

प्रिय ॲम्ब्रोज,

पत्र आलं त्याच दिवशी लुपेला दाखवलं. तिने वाचलं, कॉफी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं ना, कोपरा."

दुसऱ्या दिवशी समिती बसली. चोवीस माणसं. जुने फोटो काढून मोठे केले. डाव्या खालच्या कोपऱ्यात चंदेरी पट्टी, आणि तिला मध्ये गळू आल्यासारखा उंचवटा. दहा वर्षं तो फोटो भिंतीवर टांगलेला होता, त्याच्याखाली बसून लोक सँडविच खात होते.

मग अध्यक्षांनी विचारलं, "हे पत्र लिहिणारा माणूस हयात आहे?"

मी म्हटलं, "पत्राच्या भाषेवरून तर ठणठणीत वाटतो."

"मग त्याला विचारा, गोंद कोणता होता."

एकाला प्रश्न पडला, की राहिलेला फरक-अर्ज आता भरून घेता येईल का. चौकशी केली. अकरांपैकी चौघे वारले आहेत आणि एकजण मोंटानात पाद्री झाला आहे. तो म्हणाला म्हणे, "सही देतो, पण त्या माणसाने आधी पश्चात्ताप केला पाहिजे." तुमचं पत्र पश्चात्तापात मोडतं की नाही, यावर आमचा पाऊण तास गेला.

पाटीला तेहेतिसावं भोक पडतं आहे. गोंदाची चौकशी करायला दोघे तुमच्याकडे येतील. टाय लावून येतील, पण माणसं बरी आहेत.

एक सांगतो. त्या शुक्रवारी तुम्ही पाचला पाच कमी असताना चर्चमध्ये शिरलात. रुमालाने सारखा घाम पुसत होतात आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होतात की मला वाटलं, हे लग्न या माणसाला मुळीच पसंत नाही. सहा वर्षं मी तुमच्यापुढे त्याच धास्तीत वावरलो. नळ मी कशासाठी उघडला होता, असं वाटतं तुम्हाला?

कर्टिस


ईस्टन
१९ ऑगस्ट

कर्टिस,

टायवाले येऊन गेले. पहिल्या तासात गोंदाबद्दल विचारलं, पुढचे तीन तास खेकडे खाल्ले. वर्तमानपत्र पसरून, मोगरी हातात देऊन बसवलं दोघांना. एकाला खेकडा उघडता येईना. म्हटलं, "आधी पोटाखालची पट्टी वर ओढ. ती आराखड्यात नसते." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

तुझ्याकडच्या स्क्रूड्रायव्हरचं चित्र माझ्याकडून काढून नेलं. अगदी तसाच बनवणार आहेत म्हणे, त्याला हरवू नये म्हणून एक पिवळी दोरी, आणि सोबत शहाण्णव पानांचा अहवाल. असो.

मला कोणी रागावलं नाही. त्याचं जास्त लागलं.

गोंद उन्हाने मऊ होतो. तो कोपरा उन्हात आला की मग हात लाव. दुर्बीण दर दीड तासाने पृथ्वीभोवती फेरी मारते, म्हणजे ऊन लवकर लवकर मिळेल. तू पहिल्या उन्हाला तुटून पडशील. पडू नकोस. दुसऱ्याची वाट बघ.

त्या नजरेबद्दल : पसंत होतास. सांगायचं राहिलं.

ॲम्ब्रोज


क्लिअर लेक
४ नोव्हेंबर

प्रिय ॲम्ब्रोज,

टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. नॅडीनचं कार्ड आलं, त्यात लिहिलं आहे की तुम्ही पडद्याला नाक लावून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होतात. मला ऐकू आलं नाही, पण मी डावीकडेच होतो.

बत्तीस स्क्रू छत्तीस मिनिटांत. मग तेहेतिसावा. पट्टी सोलली, आणि दिसला तो. बाकीच्यांपेक्षा नीट बसवलेला, हे मी शपथेवर सांगतो. पहिलं ऊन जाऊ दिलं. खालून सारखी विचारणा, "कर्टिस, कशासाठी थांबला आहेस?" लुपे मध्ये पडली, "सासऱ्याने सांगितलंय, थांबू द्या." दुसऱ्या उन्हात पाव वेढा हलला. मग अर्धा. पूर्ण निघायला पन्नास मिनिटं लागली. नवी पेटी बसली, वीज सुरू झाली. नवा कॅमेराही डोळे उघडून बसला आहे. दुर्बीण आणखी दहा वर्षं सहज चालेल म्हणतात.

आता तुम्हालाच सांगतो. आणखी कोणाला सांगितलेलं नाही.

नव्या झाकणाला स्क्रू नाहीत, दोन खिट्ट्या आहेत. उजवी लागली. डावी लागेना. साडेसहा तास होत आलेले. तीनदा दाबली. (हो, दाबली.) चौथ्यांदा टेकली, पण 'कट्' असा झटका मोज्यात जाणवला नाही. माझ्या हत्यारांच्या पिशवीत बांधायची तार होती. वीतभर कापली, खिट्टी आणि शेजारचा दांडा यांच्यात गुंडाळली, आणि खाली सांगितलं, "झाकण बंद." लगेच टाळ्या. वर यानात टाळ्या, खाली टाळ्या, लुपे तर स्पॅनिशमध्ये रडत होती. सांगा, एवढ्या टाळ्यांमध्ये 'थांबा हं, एक तार आहे' असं कोण म्हणतं? परतल्यावर अहवालात रकाना होता : 'आराखड्यापेक्षा वेगळे काही केले काय?' मी 'नाही' लिहिलं.

ती तार पक्की आहे. काही होणार नाही. दर शनिवारी कुठे ना कुठे आमचे सत्कार चालू आहेत. तुमच्याशिवाय हे कोणाला कळणारही नाही.

तुमचा,
कर्टिस


ईस्टन
१० नोव्हेंबर

कर्टिस,

तुझं पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं आहे. मी पापं ऐकून घेणारा नव्हे. तो मोंटानात राहतो.

मला ठाऊक आहे ती पक्की आहे. माझा स्क्रूही पक्का होता. पक्केपणाबद्दल तक्रार कोणाची होती?

गुरुवारपर्यंत तुला मुदत देतो. अहवाल परत माग, 'नाही' खोड, आणि खाली लिही. तार कशाची, किती लांब, कुठल्या दांड्याला, किती वेढे, टोक कुठे दुमडलं. सत्काराच्या खुर्चीत बसून लिहवत नसेल तर विमान पकडून इथे ये. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून लिही, मी खेकडे उकडतो. लुपे रागावेल. रागावू दे. कोणी रागावलं नाही तर किती जड जातं, ते मी अनुभवलं आहे.

पंधरा वर्षांनी तिथे कोणीतरी पोरगी जाड मोजे घालून जाईल. आज ती नववीत बसून बीजगणित चुकवत असेल. तिला कागदावर दोनच खिट्ट्या दिसतील आणि ती खेचत बसेल, साडेसहा तास. खाली कोणालाच काही ठाऊक नसेल. मी तेव्हा नसेन. तू असशील, माझ्याइतका खवट होऊन, पितळी पाटी भिंतीवर लावून. आणि तुझ्या तोंडून ती तार काढून घ्यायची, तर त्या बिचारीला आधी तुझ्या घरात लग्न करावं लागेल आणि मग घटस्फोट घ्यावा लागेल.

तिचा तेवढा त्रास वाचव.

ॲम्ब्रोज

ता. क. वेढे उजवीकडून दिलेस की डावीकडून, तेवढं मला उलट टपाली कळव. उजवीकडचे वेढे जाड मोज्यांनी उलगडत नाहीत; तसे दिले असशील तर उद्याच ये.